जाळीचं स्लायडिंग घासतंय, बेअरिंग बदलायचं की अख्खं शटर?

पागोळी
नमस्कार मंडळी. घर गुहागरला, समुद्र अगदी जवळ, रात्री गाज ऐकू येते इतका. मागच्या पडवीत थ्री ट्रॅक स्लायडिंग आहे, दोन पल्ले काचेचे आणि एक जाळीचा. काचेचे ठीक आहेत पण जाळीचा पल्ला सरकत नाही, फरफटतो. उचलून ढकलावा लागतो. आईला तर तो हलतच नाही, म्हणून ती तो लावतच नाही आणि दिवेलागणीला डास सगळे घरात. खाली वाकून बॅटरी मारून बघितलं तर चाकाची एक बाजू सपाट झालीय आणि ट्रॅकवर चंदेरी भुकटी पडलीय. ज्यांनी काम केलं होतं त्यांना फोन केला तर म्हणे ताई सेक्शन जुना आहे, बेअरिंग मिळणार नाही, शटर नवीन करून घ्या. (सेक्शन म्हणजे चौकटीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, बेअरिंग म्हणजे डबीसकट चाक, शटर म्हणजे पल्ला.) एवढ्याशा चाकासाठी अख्खं शटर? जाळी अजून चांगली आहे हो. कोणी स्वतः बदललंय का? गणपतीच्या आधी झालं तर बरं, मुंबईची सगळी मंडळी येणार आहेत.

दर्याकिनारी
ताई, "सेक्शन जुना" हे ठरलेलं उत्तर आहे. शटर विकण्यात पैसे आहेत, चाक विकून चहाचे तरी सुटतात का. बेअरिंग नक्की मिळेल, पण आधी पल्ला उतरवा आणि जुनं चाक हातात घ्या, त्याशिवाय कुठलाही दुकानदार काही सांगू शकणार नाही.

उतरवायला दोन माणसं घ्या. पल्ला वरच्या ट्रॅकमध्ये जरा सैल असतो, तेवढ्यात तो सरळ वर उचलायचा, खालचं चाक पट्टीवरून सुटलं की खालची कड आपल्याकडे ओढायची आणि मग पल्ला खाली घ्यायचा. उचलला जात नसेल तर वरच्या ट्रॅकमध्ये हात फिरवून बघा, एखादा प्लास्टिकचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा स्क्रूने मारलेला असतो, पल्ला कोणी बाहेरून उचलून काढू नये म्हणून. तो आधी काढा. आणि उतरवल्यावर जाळीला हात लावून उचलू नका, चौकटीला धरा.

बिनधास्त_गाववाला
कशाला एवढा खटाटोप. ते सगळं भंगारात द्या आणि प्लीटेड जाळी लावून घ्या, पंख्यासारखी घडी होते, चाकच नाही तर झिजणार काय. नाहीतर सरळ वेल्क्रोची जाळी, शंभर भानगडी नाहीत.

सुरंगी
प्लीटेड आमच्याकडे आहे (वेंगुर्ला). पश्चिमेचा वारा सुटला की जाळी शिडासारखी फुगते आणि खालच्या खाचेतून बाहेर येते. आतल्या दोऱ्या तुटल्या की तर काही विचारूच नका. बेडरूमच्या खिडकीला ठीक आहे ती, समुद्राकडच्या दाराला नाही. आणि वेल्क्रोच्या जाळीतून माणूस ये-जा कशी करणार ते पण सांगा. 😄

नट_बोल्ट_कुडाळ
मी याच धंद्यात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पागोळी ताई, भुकटी पडलीय म्हणता म्हणजे चाक फिरायचं बंद होऊन बरेच दिवस झालेत. फिरणारं चाक ट्रॅक खात नाही, अडकलेलं खातं. चाकाची एकच बाजू सपाट झालीय हा त्याचाच पुरावा. म्हणजे चाक झिजलं म्हणून अडकलं असं नाही, अडकलं म्हणून झिजलं. मग ते अडकलं कशाने हे बघितल्याशिवाय नवीन टाकलं तर ते पण तसंच जाणार.

बेअरिंग काढून त्याची पिन बघा. बाजारात सगळ्यात जास्त खपतं ते नायलॉनचं चाक आणि आत लोखंडी गोळ्यांचं बेअरिंग. शहरात ते छान चालतं. किनाऱ्यावर खारी हवा आत गेली की गोळ्या गंजून एकमेकींना चिकटतात आणि चाकाचा दगड होतो. काचेचा पल्ला जड, त्याला गोळ्यांचं बेअरिंग लागतंच, ते स्टेनलेसचं घ्यायचं. जाळीचा पल्ला हलका असतो हो, त्याला गोळ्यांची गरजच नाही. साधं भरीव चाक आणि स्टेनलेसची पिन, बस. स्वस्त पण तेच. गिऱ्हाईकाला वाटतं बेअरिंगवालं म्हणजे भारी, आणि समुद्राशेजारी नेमकं तेच आधी मरतं.

दुसरं, नायलॉन पाणी ओढतं आणि किंचित फुगतं. पिनवर चाक आधीच घट्ट असेल तर जुलैमध्ये जाम आणि जानेवारीत मोकळं, असा अनुभव येतो. अ‍ॅसिटल नावाच्या प्लास्टिकचं चाक मिळालं तर बघा, ते नायलॉनच्या मानाने फारच कमी पाणी ओढतं. दुकानात अ‍ॅसिटल म्हटलं तर कळेलच असं नाही, डेलरीन म्हणा.

आता माप. चाकाचा व्यास (न झिजलेल्या बाजूने), चाकाची जाडी, चाक ज्यात बसतं त्या बाहेरच्या डबीची लांबी, रुंदी आणि उंची, आणि चाकाची खाच गोल आहे की व्ही आकाराची. डबीची रुंदी सगळ्यात महत्त्वाची, कारण ती खालच्या सेक्शनच्या पोटात बसते. अर्धा मिलीमीटर जास्त असली तरी शिरणार नाही, कमी असली तर डुगडुगणार. चाक एकवेळ थोडं लहानमोठं चालेल, उंचीच्या स्क्रूने जमवता येतं.

पागोळी
वा, खूप छान माहिती. बाबांची व्हर्नियर आहे घरात. आमच्या पल्ल्याच्या बाजूला खाली एक भोक आहे आणि आत स्क्रूचं डोकं दिसतं, तोच का उंचीचा स्क्रू?

नट_बोल्ट_कुडाळ
तोच. बहुतेक ठिकाणी उजवीकडे फिरवला की चाक खाली येतं म्हणजे पल्ला वर जातो. उतरवायच्या आधी तो डावीकडे फिरवून चाक पूर्ण आत घ्या, पल्ला सहज सुटेल. तुमचा जाम असणार पण.

पागोळी
जाम म्हणजे काय, हलतच नाही. डोक्याभोवती पांढरी पूड साचलीय, चुन्यासारखी. शेवटी तसाच उचलून काढला पल्ला, भावाने वरून धरला. पण चाकाची डबी ज्या स्क्रूने लागलीय तो पण तसाच. डोकं आता घासायला लागलंय.

कोकमकढी
टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड टाका दोन थेंब, पांढरं सगळं विरघळेल. आमच्या नळाचा क्षार त्यानेच जातो.

नट_बोल्ट_कुडाळ
नको!! ते नळाला ठीक आहे, अ‍ॅल्युमिनियमला अ‍ॅसिड अजिबात नको. फसफसून येतं ते क्षार विरघळल्यामुळे नाही, धातूच खाल्ला जातोय म्हणून. कॉस्टिक सोडा पण नको, अ‍ॅल्युमिनियम आम्ल आणि अल्कली दोन्हीने खाल्लं जातं. म्हणून तर गवंडीकाम चालू असताना ओलं सिमेंट सेक्शनवर पडलं की लगेच पुसायला सांगतो आम्ही, वाळलं की खाली डाग कायमचा.

दर्याकिनारी
स्क्रूसाठी डब्ल्यूडी-४० चा स्प्रे मारा, रात्रभर राहू द्या, सकाळी परत मारा. मग बरोबर मापाचा स्टार पेचकस लावून मागून हातोडीने हलकेच ठोका. ठोकल्याने आतली पूड तुटते. आणि पहिल्यांदा सोडवायच्या दिशेने नको, आधी किंचित आवळा. आवळताना जरा जरी हलला तर समजा सुटला. डोकं घासलं असेल तर रुंद रबरबँडचा तुकडा डोक्यावर ठेवून त्यातून पेचकस दाबा. तेही नाही जमलं तर डोकं ड्रिलने उडवायचं आणि राहिलेला दांडा पक्कडीने फिरवायचा.

देवबागचो
आमच्याकडे पण असोच झाल्लो. माका सगळ्यात मोठा नवल ह्या वाटला की भायरचो, पावसात भिजणारो दरवाजो अजून ठीक आसा आणि पडवीच्या आतलो, ज्येका पावसाचो थेंब लागना नाय, तो कुसलो. असा कित्याक?

नट_बोल्ट_कुडाळ
दादा, कारण पावसाचं पाणी गोडं. उघड्यावरच्या दरवाजाचं मीठ पाऊस चार महिने धुऊन नेतो. छपराखालच्यावर वाऱ्याने मीठ येऊन बसतं, पण धुवायला कोणी येत नाही, आणि मीठ हवेतला ओलावा ओढून घेत राहतं. म्हणून आतला जास्त कुजतो. त्याला हाताने गोडं पाणी मारायचं, महिन्यातनं एकदा तरी, आणि खालच्या ट्रॅकमध्ये जरा जास्त.

देवबागचो
गोडा पाणी खयसून हाडू? एप्रिल-मे मधे आमची बाव मचूळ होता. 😀

सुरंगी
मग दादा पिण्याच्या पाण्यातलं एक तांब्याभर घेऊन फडका पिळून पुसा, ओतायची गरज नाही. मचूळ पाण्याने धुतलं तर मीठ काढायच्या ऐवजी घालतोय आपण.

हर्णै_बंदर
एक मुद्दा कोणी काढला नाही. बेअरिंग बदलायच्या आधी चौकट काटकोनात आहे का ते बघा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्याकडे दापोली-हर्णै पट्ट्यात छपरं गेली ते सगळ्यांना माहीत आहे, पण ज्यांची छपरं राहिली त्यांच्याकडे पण वाऱ्याने चौकटी हलल्या. आमचं स्लायडिंग त्यानंतरच घासायला लागलं आणि फॅब्रिकेटर दरवेळी चाक बदलून जायचा. शेवटी एका वयस्कर सुताराने दोरी धरून कर्ण मोजले. दोन्ही कर्ण सारखे हवेत, आमच्यात बोटभर फरक होता. फ्रेमचे भिंतीतले स्क्रू सोडून, पाचर मारून सरळ केली, तेव्हा चाकं टिकायला लागली.

पल्ल्याचे कर्ण पण मोजा. जाळी कोणी परत लावताना फार ताणून बसवली असेल तर उभ्या पट्ट्या मधे आत ओढल्या जातात आणि पल्ला कमरेत बारीक होतो, मग तो वरखाली टेकतो आणि मधे फट.

पागोळी
स्क्रू सुटले! रबरबँडनेच सुटले. डबी बाहेर आली. आता खरी गंमत ऐका, चाकात गंज तर आहेच पण पिनला केसांचा आणि नारळाच्या काथ्याचा अख्खा वेढा बसलाय, त्यात पुळणीची वाळू, सगळं मिळून घट्ट नमदा झालाय, सुरीने कापून काढावा लागला. आणि ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला जी भोकं असतात ना पाणी जायला, ती सगळी मातीने बंद. टोचून बघितलं तर आतनं वाळलेले कोळी बाहेर पडले!

सुरंगी
कुंभारीण माशी! तिचंच काम. ती असल्या भोकात मातीचं घर करते, अंडं घालते आणि पिल्लाला खायला कोळी बेशुद्ध करून भरून ठेवते. आमच्या पंपाच्या पाइपात पण केलं होतं.

नट_बोल्ट_कुडाळ
बघा, हे आहे खरं दुखणं. भोकं बंद म्हणजे वाऱ्याबरोबर आत आलेलं पाणी ट्रॅकमध्येच साचणार, सुकणार, मीठ मागे ठेवणार, परत साचणार. चाक कायम खाऱ्या पाण्यात उभं. सगळी भोकं तारेने मोकळी करा आणि वरून पाणी ओतून बाहेर पडतंय का बघा. हे दर पावसाळ्याच्या आधी करायचं काम आहे, पण सांगून कोण करतं.

ट्रॅकची पट्टी बोटाने चाचपून बघा. नुसते ओरखडे असतील तर बारीक पॉलिश पेपर ओला करून फिरवा, कड गुळगुळीत झाली की पुरे. खड्डा पडला असेल तर त्यावर बसवायची स्टेनलेसची टोपी मिळते, लांब पट्टी असते, दाबून बसते.

दर्याकिनारी
टोपीला माझा विरोध आहे. समुद्राकाठी टोपीच्या खाली खारं पाणी शिरतं आणि बाहेर येत नाही. वरनं चकाचक आणि खाली अ‍ॅल्युमिनियमचं पीठ. स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून खाऱ्या पाण्यात ठेवले की खाल्लं जातं ते अ‍ॅल्युमिनियम, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

नट_बोल्ट_कुडाळ
मान्य. म्हणून खड्डा असेल तरच म्हटलं. पण ट्रॅक अख्खा बदलायचा तर फ्रेम उखडावी लागते, भिंतीचं प्लास्टर, रंग, सगळं आलं. त्यापेक्षा टोपी बसवताना खाली सिलिकॉनचा पातळ थर द्यायचा आणि दोन्ही टोकं बंद करायची. आणि टोपी ३१६ ची, ३०४ ची नाही (हे स्टेनलेसचे दोन प्रकार). ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं म्हणून ते खाऱ्या हवेत तग धरतं. ३०४ ला आपल्याकडे चहाच्या डागासारखे तपकिरी ठिपके पडतात, रेलिंगवर बघितले असतील. आणखी एक, टोपीने पट्टीची उंची वाढते, वर तेवढी जागा आहे का बघूनच घ्या, नाहीतर पल्ला परत चढणारच नाही.

फणसाचा_गरा
मी मूळचा लांज्याचा, सध्या न्यू जर्सीत. इथे मागच्या अंगणात उघडणाऱ्या काचेच्या दाराला बाहेरून असंच जाळीचं दार असतं पण रचना वेगळी. आपल्याकडे चाकं फक्त खाली, इथे बऱ्याच दारांना चारही कोपऱ्यांत, दोन वर दोन खाली, आणि ती स्प्रिंगच्या पट्टीवर दाबून बसलेली. चौकट इतकी हलकी असते की उचलताना वाकते. काढताना कोपऱ्यातला स्क्रू ढिला करायचा, मग पातळ चपटा पेचकस चाकाखाली घालून ते ट्रॅकवरून उचलायचं. एक इंची चाक सगळ्यात जास्त दिसतं, पण त्यावर विसंबून आणलं तर हमखास परत जावं लागतं कारण डबी प्रत्येक कंपनीची वेगळी. म्हणजे तुमचं जे चाललंय तेच इथे पण, जुनं खिशात घालून दुकानात जायचं. चारही एकदम बदलतात, एकच नवीन टाकलं तर दार तिरकं चालतं.

नट_बोल्ट_कुडाळ
हे बरोबर, आपल्याकडे पण दोन्ही एकदम बदला, दुसरं चांगलं दिसलं तरी.

पागोळी
ट्रॅकला खड्डा नाही, नुसते ओरखडे, टोपी नको मग. चाक कुठे मिळेल?

दर्याकिनारी
चिपळूणला अ‍ॅल्युमिनियमचे सेक्शन विकणाऱ्याकडे जा, हार्डवेअरवाल्याकडे नाही. नाही मिळालं तर मुंबईला कोणी असेल तर नागदेवी स्ट्रीटला पाठवा. मापं आणि फोटो आधी पाठवले की दुकानदार काढून ठेवतात, मग एसटीच्या पार्सलने मागवा.

कोकमकढी
बसवल्यावर खोबरेल तेल टाकू का हा प्रश्न माझा पण आहे, आमचं पण करकर वाजतं.

दर्याकिनारी
खोबरेल, ग्रीस, इंजिन ऑइल, काही नको ट्रॅकमध्ये. चिकट दिसलं की वाळू तिथेच बसणार, आणि तेल-वाळूचा लेप म्हणजे पॉलिश पेपरच. डब्ल्यूडी-४० पण कायमचं वंगण म्हणून नको. त्याच्या नावातच वॉटर डिस्प्लेसमेंट आहे, १९५३ साली पाणी हटवून गंज थांबवायला बनवलेलं, अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यासाठी वापरलेलं. जाम सुटायला उत्तम, काम झालं की पुसून काढा. चाकाच्या पिनला सिलिकॉन स्प्रेचा एक फवारा, ट्रॅकवर तोच फडक्याला लावून पुसायचा. काहीच नसेल तर पांढरी मेणबत्ती पट्टीवर घासा.

बिनधास्त_गाववाला
पेन्सिलचं शिसं? कुलपाला टाकतो आम्ही.

नट_बोल्ट_कुडाळ
कुलपाला टाका. शिसं म्हणजे ग्राफाइट, ते अ‍ॅल्युमिनियमवर ओलाव्यात राहिलं की स्टेनलेससारखंच काम करतं, अ‍ॅल्युमिनियम खातं. पितळी स्क्रू पण त्याच कारणाने नकोत. स्टेनलेसचे मारा आणि आट्यांना मरीन ग्रीस लावा, होडीच्या इंजिनवाल्यांकडे असतं. ते नाही मिळालं तर व्हॅसलीन. इथे ग्रीस चालतं कारण वाळू आट्यांत जात नाही, आणि पुढच्या वेळी ताईंना रबरबँड लागणार नाही.

पागोळी
मंडळी, बसलं! चिपळूणला पहिल्याने नाहीच म्हणाले, मग जुनी डबी काउंटरवर ठेवल्यावर आतनं खोकं आलं. भरीव चाक, गोळ्या नाहीत, पिन स्टेनलेसची. चुंबक नेलं होतं बरोबर, तो दुकानदार हसत होता पण जुन्याला चिकटलं आणि नव्याला नाही. दोन्ही बाजूंना तीच टाकली. आई आता एका बोटाने लावते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला करून दाखवते.

नट_बोल्ट_कुडाळ
छान झालं ताई. (चुंबकाने लोखंड ओळखता येतं, ३०४ आणि ३१६ मधला फरक नाही कळत, पण पिनसाठी पुरेसं आहे.) आता पल्ला बंद करून बघा, उभी कड चौकटीला वरपासून खालपर्यंत सारखी टेकते का. वर फट असेल तर ज्या बाजूला फट त्या बाजूचं चाक थोडं आत घ्या किंवा दुसरीकडचं खाली सोडा. पाव-पाव फेरा फिरवून, घाई नको.

पागोळी
उभी कड बरोबर टेकते. पण आता पल्ला आधीपेक्षा वर आलाय म्हणून खाली जो केसाळ पट्टा असतो तो ट्रॅकला टेकत नाही, तिथून चिलटं येतात. डास थांबले, चिलटं चालू.

नट_बोल्ट_कुडाळ
त्याला वूलपाइल म्हणतात. जुना पट्टा जमिनीवर घासून झिजलेला असणार, इतके दिवस पल्ला खाली बसलेला म्हणून कळलं नाही. दोन्ही स्क्रू सारखेच अर्धा फेरा डावीकडे घेऊन बघा, पल्ला घासायला लागला तर परत वर घ्या आणि पट्टा बदला. मीटरवर मिळतो. जुन्याचा तुकडा न्या, बुडाची रुंदी जुळली पाहिजे नाहीतर खाचेत सरकणार नाही, आणि केस जुन्यापेक्षा एक-दोन मिलीमीटर उंच घ्या. कात्रीने कापताना दोन्ही टोकांना बोटभर जास्त ठेवा, बसवल्यावर तो आखडतो.

कोकमकढी
नट_बोल्ट दादा, आमचं काचेचं स्लायडिंग आहे मालगुंडला, ते पण करकरतं. नवीन धागा काढू का इथेच विचारू?

नट_बोल्ट_कुडाळ
इथेच लिहा, पण आधी भोकं मोकळी आहेत का ते बघून या.